तसंही ते जाळायचंच होतं

माझ्या नवऱ्याला जीपचं वेड लागलं तेव्हा आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. कुणाला पत्त्यांचं लागतं, कुणाला बुवांचं, आमच्या ह्यांना जीपचं लागलं. ऐंशी सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. लष्कराच्या लिलावात निघालेली एक जुनी जीप ह्यांनी कुणाच्या तरी ओळखीने मिळवली आणि इंदिरानगरातल्या आमच्या घरापुढे आणून उभी केली. तेव्हा तिकडे घरं मोजकीच होती, त्यामुळे बघायला सगळी वसाहत गोळा झाली. हे दर रविवारी तिच्याखाली आडवे व्हायचे. फक्त पाय दिसायचे. मी चहा पायांपाशी ठेवायची.

नाशकात तेव्हा अशा जीपवाल्यांचा एक क्लब निघाला होता. सातपूरच्या वसाहतीत कारखाना असलेले एक गृहस्थ त्याचे अध्यक्ष. आठ जीपा, आठ नवरे. चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेल्या गाड्या घेऊन जिथे रस्ता नाही तिथे जायचं, हाच त्यांचा उद्देश. मी एकदा विचारलं होतं की रस्ता नाही तिथे जायचं कशाला, तर हे म्हणाले, तुला नाही कळायचं. बरोबरच आहे. मी सायखेड्याच्या शेतकऱ्याची पोर. आमच्याकडे पावसाळ्यात चिखलातून बैलगाडी काढताना माझ्या वडिलांच्या पाठीला कायमचा बाक आला. चिखलात मुद्दाम जाऊन टाळ्या वाजवणारी माणसं मी लग्नानंतर पाहिली.

त्या मे महिन्यात क्लबने पेठच्या पलीकडच्या डोंगरात शनिवार-रविवारचा मुक्काम ठरवला, आणि या वेळी बायकांनाही न्यायचं ठरलं. मला वाटलं, चला, सुधारले. कसले सुधारतायत! मागच्या मुक्कामात भात करपला होता, म्हणून आम्हाला नेलं होतं. घरी गॅसवर जे करायचं ते तिथे तीन दगडांवर करायचं, आणि वर ‘काय मोकळी हवा आहे ना’ म्हणायचं. एवढं मात्र खरं की सावळघाट चढून वर आलो आणि डोंगरांच्या रांगा दिसल्या तेव्हा मीही तेच म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला एका नदीच्या पात्रात आम्ही थांबलो. पाणी असं नव्हतंच, मधूनमधून डबकी आणि बाकी सगळे गोटे. वर काठावर लहान लहान वावरं होती, उतारावर पायऱ्यांसारखी, आणि त्यांच्या वर टेकाडावर दोन-तीन झोपड्या. पुरुषांनी तंबू ठोकले. म्हणजे दोघांनी ठोकले आणि सहा जणांनी सूचना दिल्या. मग अध्यक्षांना शेकोटी हवी झाली. मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, शेकोटी! पण मुक्काम म्हटला की शेकोटी पाहिजे, त्याशिवाय फोटो काय काढणार?

सरपण शोधायला गेलेले अध्यक्ष पाच मिनिटांत ओरडतच आले, की वर वावरात वाळलेल्या फांद्यांचा नुसता थर पडलाय, तयार माल आहे. आम्ही सगळे बघायला गेलो. खरंच होतं. एका चौकोनी तुकड्यावर, आमच्या दोन खोल्यांएवढ्या जागेत, फांद्या, पाला, गवत, शेण असं सगळं एकावर एक पसरलेलं, वर थोडी माती टाकलेली. मला तेव्हाच विचार करायला हवा होता की कचरा कुणी इतका सारखा पसरत नाही. अंथरूण घालावं तसा घातलेला होता तो.

अध्यक्ष मला म्हणाले, “वहिनी, तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या. हे घेतलं तर चालेल ना? कुणाचं काही नुकसान?”

आठ जोडप्यांत शेतीतलं कळणारी मी एकटी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला ते आवडलं. क्लबात मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. आमच्या सायखेड्याला ऊस तुटला की मागे उरलेल्या पाल्याचं पाचट जागच्या जागी पेटवून देतात, नांगरटीला अडचण नको म्हणून. तेच माझ्या डोक्यात. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “अहो, वावरातला काडीकचरा आहे तो. पावसाआधी पेटवूनच देतात. न्या खुशाल.”

हे वाक्य माझं आहे. मी पुढे अध्यक्षांबद्दल पुष्कळ बोलणार आहे, तेव्हा हे आधी सांगून टाकलेलं बरं.

मग काय, माकडाच्या हाती कोलीत. हाताने उचलून आणलं असतं तरी शेकोटीपुरतं पाच मिनिटांत झालं असतं. पण जीपा होत्या ना! अध्यक्षांनी दोर काढला, फांद्यांच्या थराला खालून दोन ठिकाणी वेटाळला, दुसरं टोक जीपला बांधलं आणि चारही चाकांचा जोर लावून गाडी उताराला घातली. अख्खा थर फरफटत खाली पात्रात आला. टाळ्या, शिट्ट्या. मग दुसऱ्याला हुरूप आला, त्याने उरलेलं ओढलं. तिसरा कोण, तर आमचे हे. मी स्वतः एक मोळी उचलून शेकोटीत टाकली आणि अध्यक्षांनी माझा फोटो काढला. जाळ तंबूच्या वर गेला. उन्हाळ्यात भाजत आम्ही आठ जोडपी त्याच्याभोवती लांब लांब बसलो, कारण जवळ बसवतच नव्हतं.

सकाळी मी तोंड धुवायला डबक्यावर गेले, तर वर वावरात एक बाई उभी दिसली. वयाने माझ्या धाकट्या मावशीएवढी. डोक्यावर पाटी, पाटीत वाळलेलं शेण. ते शेण ती त्या थरावर घालायला घेऊन आली होती आणि थर नव्हता. चाकांच्या खुणा होत्या. ती नुसती उभी होती, पाटी डोक्यावर तशीच. मी हात हलवला. रामराम करावा तसा हलवला, काय सांगू! मग मी वर गेले.

तिची बोली आमच्यापेक्षा निराळी, पण माझ्याशी ती नाशिकच्या बाजारात बोलावं तसं बोलत होती. ती म्हणाली, हितला राब कुठं गेला?

राब म्हणजे काय ते मला तिथे, त्या उघड्या वावरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कळलं. त्या डोंगरात भात आणि नागली, म्हणजे आपली नाचणी, आधी एका लहान तुकड्यात दाट पेरतात, रोपं वीतभर झाली की उपटून बाकीच्या वावरात लावतात. त्या लहान तुकड्यावर उन्हाळाभर फांद्या, पाला, शेण रचायचं आणि पाऊस तोंडावर आला की ते तिथेच पेटवून जमीन भाजून काढायची. भाजली की तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, आणि मग रोप वर येतं. न भाजता पेरलं तर आधी तण येतं आणि रोप गुदमरतं. रोप नाही तर लावणी नाही. लावणी नाही तर वर्षभराची भाकरी नाही. इतकं सोपं होतं. माघापासून तिने फांद्या छाटून डोक्यावरून आणल्या होत्या. नवरा द्राक्षबागेत मजुरीला गेलेला, त्यामुळे एकटीनेच. आता झाडाला छाटण्याजोगं काही उरलं नव्हतं, छाटलं तरी ओलं वाळायला दिवस नव्हते. आठ-दहा दिवसांत ती राब भाजणार होती.

आणि मी सांगितलं होतं की पेटवूनच देतात. अगदी बरोबर सांगितलं होतं की!

मी खाली येऊन सगळ्यांना उठवलं. माझा आवाज तसाही बारीक नाही. मी म्हटलं, आठ गाड्या आहेत, सोळा माणसं आहेत, आत्ता रानात पसरा, वाळलेलं जे मिळेल ते गोळा करा आणि दुपारपर्यंत हिचा राब रचून द्या. माझी कल्पना होती की सगळे ओशाळतील आणि कामाला लागतील. मी तरी काय भाबडी!

अध्यक्ष ब्रशने दात घासत होते. त्यांनी शांतपणे चूळ भरली आणि म्हणाले की वहिनी, तुम्हीच म्हणालात ना, ती जाळणारच होती. मग आपण जाळलं तर काय फरक पडला? मी समजावलं की तिथे जाळायचं होतं, इथे नाही. तर म्हणाले, राख आहे ना, ती घेऊन जा म्हणावं, खतच झालं ते, उलट तिचं काम वाचलं. मी म्हटलं, जमीन भाजावी लागते. तेवढ्यात त्यांनी घड्याळात पाहिलं. साडेनऊला चढाची स्पर्धा होती. नदीच्या पात्रातून समोरच्या टेकाडावर कोण आधी चढतो ते पाहायचं होतं. त्यासाठी चषक आणलेले होते, नाशिकहून कोरून घेतलेले. आता चषक कोरून आणल्यावर माणसं काडक्या वेचतील होय?

मग अध्यक्षांना दया आली. ब्रेडचे दोन पुडे आणि बिस्किटं घेऊन ते स्वतः वर गेले आणि बाईच्या पाटीत, शेणावर, ठेवून आले. वर्षाच्या भाकरीच्या बदल्यात ब्रेड! तिने ते पुडे उचलून बांधावर नीट ठेवले आणि पाटी तिथेच रिकामी केली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी चूल तशीच टाकून तिच्या मागे रानात गेले. स्वयंपाक ज्याचा त्याने करा म्हटलं.

दुपारपर्यंत आम्ही दोघी वाळका पाला वेचत होतो. मला त्यातलं काही येत नव्हतं. मी एक ओंजळ आणायची तोवर ती पदरभर आणायची. खालून इंजिनांचा आवाज आणि हुर्यो ऐकू येत होती. तीन तासांनी आमच्या दोघींच्या मेहनतीचा ढीग त्या तुकड्याच्या एका कोपऱ्याला पुरला. तेवढ्यात गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. निघायची वेळ झाली होती.

मी तिला म्हटलं, “मावशी, माझं माहेर सायखेड्याला आहे. पाचट, भुसा, गोवऱ्या, लागेल तेवढं आहे. मी घेऊन येते. तुमचा राब मी भरून देते.”

तिने विचारलं, कधी?

मी म्हटलं, लगेच.

परतीच्या वाटेवर गाडीत पुढे, काचेपाशी, ह्यांचा चषक होता. दुसरा नंबर. पेठपासून घरापर्यंत मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हे एवढंच म्हणत राहिले की मला माहीत नव्हतं गं, मला माहीत नव्हतं. ते खरं होतं आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. माहीत नव्हतं तर दोर कशाला बांधलात? आणि माहीत नव्हतं तर मी तरी तोंड कशाला उघडलं?

मंगळवारी मी एसटीने माहेरी गेले. भाऊ आधी हसला. म्हणाला, अक्का, बायका माहेराहून लुगडी नेतात, तू पाचट न्यायला आलीस. मग मी सगळं सांगितल्यावर स्वतः उसाच्या पाचटाच्या पेंढ्या बांधायला बसला. त्याने बाजरीची वाळकी ताटं, म्हणजे सरमड दिलं, दोन पोती गोवऱ्या दिल्या, आणि बुधवारी दुपारी ट्रॅक्टरने सगळं माझ्या दारात आणून टाकलं. इंदिरानगरातल्या बायका विचारत होत्या, म्हैस घेताय का?

बुधवारी संध्याकाळी क्लबची बैठक होती. मी न बोलावता गेले. तिथे मुक्कामाचा आढावा चालला होता, की स्पर्धा उत्तम झाली, कोणाच्याही गाडीला इजा नाही, निसर्गाचं जतन हेच आपलं ध्येय. जतन म्हणे! मी उभी राहिले आणि म्हटलं, बाईला मी माल नेऊन देणार आहे, दोन जीपा माझ्याबरोबर द्या. पुन्हा तेच. कारखान्यात नवीन यंत्र येतंय, कुणाची मुलगी आजारी, कुणाच्या गाडीचं काम निघालंय. आणि अध्यक्ष पुन्हा हसून म्हणाले, “वहिनी, तुम्ही फार मनाला लावून घेतलंत. तसंही ते जाळायचंच होतं.”

मी म्हटलं, तुमचा कारखानाही कधीतरी मोडीतच जाणार आहे, उद्या येऊन फोडू का? आमचे हे खाली बघत बसले होते. बाहेर आल्यावर मात्र म्हणाले की चल, आपण आपल्या गाडीने जाऊ. ट्रेलर मागून घेतो कुणाचा तरी. पण रविवारी. मधे रजा मिळणार नाही.

आणि मी हो म्हटलं. इतकं तोंड वाजवून आलेली मी, रविवारचं ऐकल्यावर हो म्हटलं. मला वाटलं, माल तयार आहे, गाडी ठरलीय, नवरा एकदाचा बाजूने आलाय, चार दिवसांनी काय बिघडतंय? गुरुवारी मी मुलांच्या शाळेच्या गणवेशाचं कापड आणायला भद्रकालीत गेले. शुक्रवारी पापड वाळत घातले होते ते आभाळ आलं म्हणून आत घेतले. आभाळ बघून मला पापडच आठवले.

रविवारी पहाटे निघून नवाच्या सुमाराला आम्ही त्या नदीवर पोचलो. ट्रेलर पाचटाने इतका भरलेला की घाटात लोक थांबून बघत होते. मी वाटभर मनात ठरवत होते की कसं रचायचं, खाली गोवऱ्या, वर सरमड, त्यावर पाचट. गाडी थांबायच्या आधीच मी उडी मारून वर गेले.

तो तुकडा काळा होता. नीट, कडेपर्यंत भाजलेला, राख सारखी पसरलेली. मला क्षणभर इतका आनंद झाला की मी ह्यांना हाक मारून सांगितलं, अहो, झालं, तिने केलं! कुठून तरी मिळालं तिला!

मग मी टेकाडावर पाहिलं. तिच्या झोपडीला छप्पर नव्हतं. वासे होते, कुडाच्या भिंती होत्या, मधलं आढं होतं, वर काही नव्हतं. घरावरचं गवत, बांबूच्या काड्या, आतला जुना कूड, सगळं काढून तिने वावरात नेऊन भाजलं होतं. घरातली मडकी, घोंगडी, दाण्याची कणगी उघड्या आभाळाखाली दिसत होती. आणि आभाळ भरलेलं होतं.

ती वाशावर बसून दोऱ्या सोडवत होती. आम्हाला पाहून खाली आली, हात पुसले, पाणी आणायला वळली. पाणी! मी तिला दंडाला धरून थांबवलं. मला काय झालं कोण जाणे, मी तिच्यावरच ओरडले. म्हटलं, मावशी, शिव्या द्या ना मला! तुमचं घर गेलं माझ्यापायी, आणि तुम्ही पाणी काय देताय? ओरडा ना!

ती म्हणाली, “ओरडून राब व्हतो का? त्या पेंढ्या हिकडं दे.”

पाचटाचं काय करायचं ते तिने बघताक्षणी ठरवलं होतं. राबाला नको होतं ते, छपराला हवं होतं. ती वर चढली, हे दुसऱ्या बाजूने चढले, मी खालून पेंढ्या द्यायला लागले. ती दाखवेल तसे हे निमूट बांधत होते, चुकलं की ती सोडून परत बांधायला लावत होती. दीड-दोन तास हेच चाललं. पाचट अर्ध्या छपराला पुरलं. उरलेल्या अर्ध्यावर ह्यांनी जीपची ताडपत्री काढून घातली आणि कडेने दगड लटकावले.

निघताना ती गाडीपर्यंत आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी शोधत होते तरी नव्हता. हिशेब सांगावा इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली, “तू लगेच म्हणली व्हती, म्हणून शुक्रवारपर्यंत थांबले. मग ढग आले.”

ह्यांनी गाडी सुरू केली. घाटात पाऊस लागला आणि उघड्या जीपमध्ये आम्ही भिजलो, आणि मी अध्यक्षांना, क्लबला, ह्यांच्या रजेला, सगळ्यांना मनात शिव्या देत होते. शिव्या संपल्यावर नाशिकचा पेठ नाका आला. तिथे पेठला जाणारी एसटी उभी होती, टपावर कुणाच्या तरी पोत्यांची आणि कडब्याच्या पेंढ्यांची रास दोरीने बांधलेली. ती गाडी रोज सुटायची. गुरुवारीही सुटली होती, शुक्रवारीही.